खांदा देऊ देत्यात का?

शांततेचं नाव काढलं की शिव्या घालणारा माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात एकच, आणि तो माझ्या थोरल्या आत्याचा नवरा. एरवी मामांनी कधी मुंगीही मारली नसेल. पण टीव्हीवर कुणा देशाच्या पुढाऱ्याला शांततेचं बक्षीस जाहीर झालं, किंवा ते मिळालं नाही म्हणून एखादा रुसून बसला, की मामांच्या हातातली कपबशी वाजायला लागते. आत्या आधी कपबशी काढून घेते, मग रिमोट. एकदा कुरकुंभच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून आलेला जावई सहज म्हणाला, "पण मामा, लढाई तर थांबली ना?" झालं! बिचाऱ्याचं कालवण थंड झालं तरी मामांचं उत्तर संपेना. "सह्या केल्या, हातात हात घालून फोटू काढला, म्हंजी मिटलं व्हय? एकमेकाच्या मयताला खांदा देऊ देत्यात का, त्ये इचारा आन् मग द्या बक्षीस!" लग्नाकार्यात पोरं मुद्दाम त्यांना डिवचतात आणि हसतात. मीही हसायचो.

लोका सांगे ब्रह्मज्ञान. कारण असलं बक्षीस मामांनी स्वतः घेतलंय. ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. गावातले सगळे तंटे मिटले, एकच राहिला, तो त्यांचा आणि धाकट्या भावाचा. मामांनी बांध दोन हात कोरला होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तपासणी तोंडावर आली तेव्हा मामांनी भावाला गळ घातली, "गावाच्या इज्जतीसाठी सही कर. बांध मी मागनं सरकवतो." भावानं सही केली. स्टेजवर दोघांनी मिठी मारली, टाळ्या पडल्या, मामांना शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह मिळालं. बांध होता तिथंच राहिला. भाऊ त्या दिवसानंतर मामांशी एक शब्द बोलला नाही.

मागच्या वर्षी तो शिरूरला, मुलाच्या घरी वारला. मी मामांबरोबर होतो. तिरडी उचलताना मामा पुढं झाले, तर पुतण्यानं हात आडवा धरला. आवाजही चढवला नाही त्यानं. "आप्पा, तुम्ही ऱ्हाऊ द्या." मामा स्मशानापर्यंत सगळ्यांच्या मागून चालत आले. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं.

गावी परतल्यावर मामांनी स्वतः टिकाव घेऊन बांध दोन हात मागं घेतला. बघायला पुतण्या काही आला नाही. स्मृतिचिन्ह अजून टीव्हीशेजारीच आहे. काढून ठेवा, असं मी एकदा म्हणालो. तेव्हा टीव्हीवर कुणीतरी पदक गळ्यात घालून हसत होतं.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "मी बी असाच हसलो व्हतो."