हिराकाकीची सकाळची गोळी

हिराकाकीच्या घरी सकाळ कधी पहाटे व्हायची, तर कधी भर दुपारी. मासळीची बोट भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरते आणि भरतीची वेळ रोज थोडी पुढे सरकते. बोट आली की काकी पाटी उचलणार, तिथून तिचा दिवस सुरू. भिंतीवर घड्याळ होतं. ते मग कशाला लावलंय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "पावण्यांना नको का?"

मी कराडची. तारापूरच्या एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली. बोईसरमध्ये मनासारखी खोली मिळेना, म्हणून जवळच्या नवापूरला काकीकडे भाड्याने राहिले. पहिल्या दिवशी अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासाने मी नाकाला ओढणी लावली. काकी हसली. "लाव, लाव. थोड्या दिसांनी तूच मागशील." आणि मागितलेच की मी! तिच्या लाल मसाल्याचं कालवण एकदा खाल्लं, तर घरच्या आमटीची आठवण यायची बंद झाली. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

बाई उंच, आवाज खणखणीत. भाव करायला आलेलं गिऱ्हाईक तिच्यासमोर निम्मं गार व्हायचं. पण जेवण झालं की हीच बाई छातीवर मूठ दाबून उंबऱ्यावर बसायची. आंबट ढेकर, घशापर्यंत जळजळ. डॉक्टरांनी पित्त कमी करणारी गोळी दिली होती, तरी जळजळ काही थांबेना. आता दुर्बिणीने पोट तपासू, असं डॉक्टर म्हणाले आणि काकीने दवाखान्याचं तोंड बघायचं सोडलं.

"अहो काकी, तपासून घ्यायला काय जातंय?" मी चिडून विचारलं. ती मासे साफ करत होती. हात थांबला. "माझ्या बायला पण पैलं पित्तच सांगितलेलं. मंग दुर्बीण घातली, तर पोटात गाठ. माझ्याच वयाची होती तवा. पावसाळा नाय काढला तिनं." बाय म्हणजे तिची थोरली बहीण. मला भीती वाटली, खरंच वाटली.

सुट्टीच्या एका दिवशी दुपारी, पोटभर कालवण-भात झाल्यावर, काकी पाटी काखेला मारून निघाली आणि जाता जाता तिने गोळी तोंडात टाकली.

"अहो, ही सकाळची गोळी ना?"

"मंग? उठल्यावर घे बोल्ला डाक्तर. बोट आली, आमची सकाळ झाली."

"आणि उपाशीपोटी?"

"जेवून झाली की घटकाभर! आता उपाशीच."

मी कपाळाला हात लावला. ज्या औषधाची पावडर मी दिवसभर तपासत होते, ते आमच्याच घरात भरती-ओहोटीप्रमाणे चाललं होतं! तिला खाली बसवलं. सांगितलं, अन्न आलं की पोट आंबट पाणी सोडतं, त्याच्या अर्धा तास आधी ही गोळी आत पोचायला हवी, आणि रोज त्याच वेळेला.

"म्हंजे म्हावरं यायच्या आधी जालं टाकून ठेवायचं," काकी म्हणाली. "मंग असं सांग ना! शिकलेली माणसं नुसती फिरवून बोलतात."

मग ठरलं. माझ्या कंपनीची बस नाक्यावर हॉर्न वाजवते, तेव्हा गोळी. अंगण झाडून झालं की चहा-भाकरी. बोट कधीही येवो, गोळी हलायची नाही. रविवारी बस नसायची, म्हणून ती मलाच दटावायची, "उठ गो, तुजा हॉर्न वाजव!" मीही पांघरुणातून ओरडायचे. शेजारच्या बायका हसून हसून बेजार.

जळजळ हळूहळू शमली. उंबऱ्यावर बसणं थांबलं, रात्री झोप लागू लागली. पण माझ्याकडून बहिणीचं ऐकल्यावर डॉक्टरांनी दुर्बिणीचा हट्ट सोडला नाही, आणि मीही सोडला नाही. "बरी झाली ना मी, आता कशाला?" म्हणून काकीने चार दिवस माझ्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी आपण होऊन ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. "चल. काय हाय ते एकदाचं कलू दे."

बोईसरच्या इस्पितळात रिक्षातून उतरल्यापासून तिने माझं मनगट सोडलं नाही. तपासणीला आत नेतानाही ते सोडवून घ्यावं लागलं. नंतर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, गाठबीठ काही नाही, अन्ननलिकेला पित्ताची सूज आहे, तीही उतरतेय. गोळी सांगतो तितके दिवस घ्या, तिखट जरा कमी करा. काकी मान हलवून बाहेर आली आणि पायरीवर बसली.

मला वाटलं, आता हसेल, नेहमीसारखी डॉक्टरांची नक्कल करेल. तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी घाबरले. "काकी, अहो चांगलं सांगितलंय त्यांनी!"

"कलतंय गो मला." तिने पदराने नाक पुसलं. "बाय माझी मोठी भन. लहानपणापासून तिच्या मागं मागं चालली मी. आता पुढच्या साली मी तिच्यापेक्षा मोठी होईन."