कॉलरवाले भाऊजी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आठवडाभर घरात होते आणि आठवडाभरात एका जागी बसले नाहीत. दार उघड, पंखा बंद कर, पुन्हा दारात. बरोबर साडेदहाला उठून पायात चपला सरकवायचे. परगावी ते ज्या कपड्यांच्या कारखान्यात होते, तिथे तेव्हा चहाची घंटा होते म्हणे. "भाऊजी, इथली घंटा मीच," असं मी चिडवायचे. एरवी ऐकून न घेणारा माणूस, पण मुकाट चपला काढून ठेवायचा.

नऊ वर्षांपूर्वी ते इथले नावाजलेले शिंपी होते. पण अख्खे शर्ट शिवून महिन्याकाठी इथे जे हाती यायचं, त्याच्या दुप्पट तिकडे नुसत्या कॉलरी शिवून मिळायचं. मुलगी रांगत होती, छप्पर गळत होतं. गेले. तिथे बाह्यांना एक माणूस, खिशांना दुसरा आणि कॉलरला भाऊजी. नऊ वर्षं फक्त कॉलर!

आता कायमचे आलो म्हणाले. पुढच्या खोलीत जुनं मशीन मांडलं. कारखान्यातल्या सुपरवायझरने मात्र त्यांची जागा सोमवारपर्यंत रिकामी ठेवली होती, आणि ताईला ते ठाऊक होतं. ती भांडी तेवढी आपटत होती.

पहिलं काम लेकीच्या शाळेच्या शर्टाचं. माप घेतलं, कापड बेतलं. कॉलर तर अशी बसली की बघत राहावं. बाह्यांपाशी गाडी अडली. शिवलं, उसवलं, परत शिवलं. शनिवारी दुपारी पोरीने शर्ट घातला तेव्हा कळलं, दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. उजवा खांदा वर ओढला गेला होता.

मला हसू फुटलं. मग भाऊजींचा चेहरा बघून माझी मलाच लाज वाटली.

"हात बसायला थोडे दिवस लागतील," ते म्हणाले.

"लागू देत की," ताई म्हणाली. "घाई कुणाला आहे?"

बापाला वाईट वाटू नये म्हणून पोर घाईघाईने म्हणाली, "कॉलर मस्त झालीय, बाबा. बाकीचं नेहमी आईच बघते ना, ती करेल."

भाऊजी हसल्यासारखं करून उठले. मशीन झाकलं, घड्याळ बघितलं आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टुलाकडे वळले. ताई उभ्यानेच बाही उसवत होती. मान वर न करता तिने पायाने स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

"ऊठ जरा," भाऊजी म्हणाले.

ताई उठली नाही.