देवाच्या भांड्यांसाठी दुसरं सिंक

मैत्रिणींनो, आजच घडलेलं लिहिते.

आमच्या स्वयंपाकघरात मधोमध नवा ओटा बांधणं सुरू आहे. आज सकाळी मी मिस्त्रीला म्हटलं, "दादा, यात दुसरं सिंक बसवा. जुन्यात भाऊजी मासोळ्या धुतेत, तिथं देवाची भांडी नाई घासायची मले."

दीर मागेच उभे होते.

"आमच्या मासोळीनं तुमचे देव बाटून राहिले काय, वहिनी?" म्हणत त्यांनी मिस्त्रीचा हातोडा उचलून ओट्यावर घातला. ग्रॅनाइट फुटलं. "पागल झाला काय बे!" ओरडत आमचे हे धावले आणि यांनी भाऊजींची मान धरली. सख्खे भाऊ त्या तुकड्यांवर लोळले. यांचं कपाळ फुटलं, भाऊजींचा तळहात चिरला.

मी हाताला लागला तो तांब्या घेतला आणि दोघांना जुन्या सिंकपाशी ओढलं. रक्तावर पाणी ओतत होते, तर भाऊजी रडवेले होऊन म्हणाले, "वहिनी, देवाचा तांब्या हाय ना तो..."

"असू द्या. हात धरा इकडं."

दोघांनाही टाके पडले. संध्याकाळी तोच तांब्या त्याच सिंकमध्ये घासून मी देवापुढे ठेवला.

मिस्त्री विचारतोय, दुसरं सिंक बसवू का? तुम्ही काय सांगितलं असतं?