मस्टरचा खरा अर्थ

भिमाबाई, तुमच्यावर लिहायचं तर सत्यभामेलाही त्यात ओढावं लागेल. सत्यभामा म्हणजे मीच. पण 'मी' म्हटलं की माणूस स्वतःला सवलती देतो, म्हणून 'ती'.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात येडशी-येरमाळा रस्त्याच्या कामावर सत्यभामा हजेरी घ्यायची. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, त्याचा तोराही होता. भिमाबाई खडी फोडायच्या, शिक्षण चौथी. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, बायका 'श्रीपतीची बायको', 'मच्छिंद्रची आई' अशाच चढायच्या. एका सकाळी भिमाबाई हातोडा ठेवून उठल्या.

"बाईसाहेब, आमचा बाप पलटणीत व्हता. तो सांगायचा, मस्टर म्हंजे मोजणं न्हाय, दाखवणं. शिपाई बूट-बंदुकीसकट सायबाला दाखवायचा. खोट न्हाय निघाली तर मस्टर पास. मग आमाला दाखवायचं तर आमच्या नावानं दाखवा."

मुकादम लिंबाजी हसला. "बाप पलटणीत घोड्याची लीद काढत असंल."

"काढली असंल. शबुद खरा सांगितला."

बायका उभ्या राहून आपापलं नाव सांगू लागल्या. जाईबाई. बनाबाई. दगडाबाईला स्वतःचं नाव घेतानाच हसू फुटलं. सत्यभामेनं नावं लिहून घेतली, पण चौथी शिकलेल्या बाईनं शब्द शिकवावा, हे तिला झोंबलं. 'पास मस्टर' म्हणजे कसोटीला उतरणं, 'मस्टर करेज' म्हणजे धीर गोळा करणं, असे सगळे इंग्रजी वाक्प्रचार तिला पाठ. परीक्षेत वाक्यात उपयोग करून मार्क मिळवलेले. शब्द आला कुठून, हे मात्र कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आता भाकरीच्या सुट्टीत बायका भिमाबाईंभोवती बसायच्या आणि ही एकटी बाभळीखाली.

शनिवारी भिमाबाई म्हणाल्या, "उद्या उस्मानाबादला जाणार न्हवं तुमी? कॉलेजातल्या शब्दांच्या मोठ्या पुस्तकात तेवढं बघून या. हा लिंबाजी रोज माझ्या बापाला खोटा पाडतोय."

सत्यभामेनं सोमवारी सकाळी कॉलेज उघडताच बघितलं. मूळ लॅटिन, अर्थ 'दाखवणे'. बाप खरा होता. तिनं ते चिठ्ठीवर उतरवलं. दुपारी कामावर येऊन सांगितलं, "लायब्ररी बंद होती."

"असू द्या. पुढल्या खेपंला बघा."

पाऊस लागला, काम सुटलं. पुढं सत्यभामा येरमाळ्यापलीकडच्या वाशी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागली. दरवर्षी पहिल्या तासाला मस्टरची गोष्ट सांगायची, बूट-बंदुकीसकट, स्वतःचा शोध असल्यासारखी.

उस्मानाबादहून येताना बस येरमाळ्याला दहा मिनिटं थांबायची. भिमाबाईंचं घर स्टँडच्या मागंच. चिठ्ठी पर्समध्ये असायची. सत्यभामा उतरायची, चहा प्यायची, आणि पुन्हा येऊन आपल्या जागेवर बसायची.