बिशप खाली उतरत नाही

"त्याला खाली उतरव, कथबर्ट. सगळे बघताहेत."

"जेवतोय तो, टिबी."

"सकाळपासून?"

"सकाळी न्याहारी होती. हे दुपारचं."

"इंजिन बंद पडलंय. ते ओढायचं सोडून घोडा डब्यात बसून जेवतोय, आणि तू मला वेळापत्रक सांगतोस?"

"बसून नाही. उभा आहे. नीट बघ तरी."

कथबर्ट थर्लवेल माझे काका, आणि ही टिबीकाकू त्यांच्या जेवणाचा डबा घेऊन रुळांपर्यंत आलेली. काका आमच्या इंग्लंडातल्या डरॅमच्या खाणीवर कोळशाच्या वाघिणी, म्हणजे रुळांवरचे मालडबे, ओढणाऱ्या घोड्यांचे गाडीवान. पोरवयापासून तेच काम. चाबूक होता त्यांच्याकडे, पण त्याने ते पाठ खाजवत.

बिशप हा घोडा त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलेला. खाणीपासून टेकडीच्या माथ्यापर्यंत तो कोळसा ओढत नेई. माथ्यापलीकडे नदीच्या धक्क्यापर्यंत नुसता उतार. तिथे वाघिणी आपोआप घरंगळत, म्हणून घोड्याला मागच्या उघड्या डब्यात चढवायचं, ही आमच्याकडची रीत. घोडा पटकन चढावा म्हणून चारा फक्त त्या डब्यात. बिशपच्या हिशेबाने जग सरळ होतं: ओढून झालं की जेवण, आणि जेवताना गाडी चालते.

मग वाफेचं इंजिन आलं. चढावरही तेच ओढू लागलं आणि जवळजवळ रोज चढावरच बंद पडू लागलं. तेव्हा व्यवस्थापक ऑगलसाहेबांनी हुकूम काढला की इंजिनामागे डब्यात एक घोडा कायम तयार ठेवायचा. म्हणजे इंजिनाने घोडा वाहायचा, ते थकलं की घोड्याने इंजिन. साहेबांना यात काही वावगं दिसलं नाही. बिशपलाही दिसलं नाही. त्याने फक्त दुसरा भाग सोडून दिला.

"थर्लवेल," त्या दुपारी साहेब धापा टाकत चढ चढून आले, "उद्या मालक पाहुणे घेऊन येताहेत. घोडा उतरला नाही, तर परवा खाटकाकडे."

काकांचा चेहरा राखेसारखा झाला. "साहेब, त्याची चूक नाही. आपणच शिकवलं."

"मग आपणच विसरायला लावा."

रात्रभर काका तबेल्यात त्याची समजूत घालत होते. दुसऱ्या दिवशी इंजिन ठरल्या जागी बंद पडलं. मालक, पाहुणे, छत्र्या घेतलेल्या बायका, सगळे खाली उतरले. बिशप सोडून.

काकांनी जमिनीवर ओटचे दाणे ओतले. बिशपने वरून पाहिलं. जमिनीवर कोण जेवतं, असा त्याचा चेहरा.

"चाऱ्याचा दुसरा डबा इंजिनापुढे लाव," काकू म्हणाली. "चाऱ्याकडे जाईल तो. जाताना साज चढव."

डबा लागला. बिशप खरोखर उतरला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनाला वळसा घालून तो ऐटीत पुढे आला, काकांनी साज पुढे केला, आणि बिशप पुढच्या डब्यात चढला.

तेवढ्यात इंजिनवाल्याने कुठेतरी हातोडा हाणला आणि इंजिन सुरू झालं. पुढे घोडा उभा, मागून ते त्याला ढकलतंय, अशी गाडी माथ्यावर पोचली.

"वा," एक पाहुणा मालकांना म्हणाला, "पुढे घोडा असला की इंजिन किती नेटाने चालतं."

मालक खूश होऊन गेले. ऑगलसाहेब नाही झाले. संध्याकाळी त्यांनी काकांना कचेरीत बोलावलं. मी आणि काकू दाराशी होतो.

"मालक फसले, मी नाही. खाटकाला निरोप गेलाय."

"साहेब, पुढे उभा राहील तो. मालकांना आवडलंय."

"आणि उद्या चढावर बंद पडलं की? मला ओढणारा हवा, थर्लवेल. दोन पायांचा की चार, मला फरक पडत नाही. ओढणारा असेल तर तुझा बिशप डब्यात म्हातारा होऊ दे. सांग, कोण ओढणार?"

"कथबर्ट," काकू दबक्या आवाजात म्हणाली, "तुझी कंबर बघ आधी."

काकांनी खुंटीवरचा बिशपचा साज काढला. पट्टा गळ्यात अडकवून पाहिला, सैल वाटला म्हणून दोन भोकं आवळला.

"मी काहीतरी विचारलं," साहेब म्हणाले.

काकांनी पट्टा गळ्यात तसाच ठेवून टोपी घातली आणि दार ओढून घेत बाहेर पडले.