पुठ्ठ्याची खिडकी

केळकर बाई मुलांशी घासाघीस करायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या वर्गाच्या दारात गेलो, तेव्हा माझ्याच सायलीशी सौदा चालला होता.

"किती गणितं?"

"दोन."

"सहा."

"तीन, बाई. बिल्कुल तीन!"

"चार. आणि लिहू नकोस, तोंडी सांग."

माझं डोकं फिरलं. दिल्लीत पहाडगंजातल्या हॉटेलांना चादरी विकत मी स्वतःच्या पायावर उभा राहिलो. कमी माल मी कधी खपवून घेतला नाही. "बाकीच्यांना दहा आणि हिला चार? आधीच्या शाळेने दाखला हातात ठेवला, आता तुम्हीही हिला ढ समजता?"

"ओरडून झालं? बसा. गिऱ्हाईक आलं की सगळे गठ्ठे एकदम उघडता?"

"एकेक चादर दाखवतो."

"मग हिलाही एकेकच ओळ दाखवू या."

बाईंनी एक पुठ्ठा काढला. मधोमध एकच ओळ दिसेल एवढी खिडकी कापलेली. तो पानावर सरकवत सायली अडखळत का होईना, वाचत गेली. दुसऱ्या दिवसापासून चादरींच्या पाकिटांतले पुठ्ठे मी स्वतः शाळेत पोचवू लागलो.

आठवीची वार्षिक परीक्षा आली. नापास झाले तर शाळा सोडणार, असं सायलीने ठरवूनच टाकलं होतं. बाईंनी माझ्यापुढे अर्ज ठेवला. पेपरला जास्त वेळ आणि प्रश्न वाचून दाखवायला माणूस, यासाठी पालकांची संमती हवी होती.

"वाचा आणि सही करा."

"चष्मा विसरलो."

"मागच्या खेपेलाही विसरला होतात." बाईंनी आवाज खाली आणला. "अहो सावंत, तुमच्या नाकावर चष्म्याचा वण नाही."

मी खुर्ची मागे ढकलून उठलो. गावच्या मास्तरांनी मला ठोंब्या म्हणून वर्गाबाहेर बसवलं होतं. त्यांना मी अजूनही माफ केलेलं नाही. "नाही येत मला वाचता! अक्षरं एकमेकांवर चढतात. झालं समाधान?"

बाई काही बोलायच्या आत सायली म्हणाली, "अच्छा? बाबा, तुमचीपण हलतात?"

तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. तिने पुठ्ठा अर्जावर ठेवला. "मी वाचते. तुम्ही ऐका."

तिने ओळीमागून ओळ वाचली. मी सही केली.

सायली पास झाली. पुढच्या वर्षी बाई निवृत्त होऊन सांगलीला निघाल्या. स्टेशनवर मी दोन चादरी पुढे केल्या, तर म्हणाल्या, "एकच." तिथेही माझं काही चाललं नाही.

महिन्याभराने दुकानात पत्र आलं. मोठी, सुटी अक्षरं, ओळींमध्ये भरपूर जागा. सोबत खिडकी कापलेला पुठ्ठा. सायलीने हात पुढे केला, पण पाकिटावर नाव माझं होतं. मी दिलं नाही.

पहिली ओळ होती, "सावंत, चार ओळी लिहिल्या आहेत. घासाघीस चालणार नाही."

शटर अर्धं खाली ओढून, पुठ्ठा सरकवत, अडखळत मी चारही वाचल्या.