सरकीची नोंद

साताऱ्याच्या स्टँडवर आईनं हातात चकल्यांचा डबा दिला आणि म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मलीस, एवढं त्यांना सांग. मग शोधतील." आईचा सरकारवर फार विश्वास. माझा नव्हता, कारण मला दोन वर्षांनी थोराड करून ठेवणारं सरकारच होतं. शाळेत घातलं तेव्हा मी जेमतेम चार वर्षांची होते आणि गुरुजींना सहा पूर्ण हवी होती. त्यांनी सोयीचं साल टाकलं, पुढे 'एक जून' लिहिलं, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांसारखी मीही एक जूनला जन्मले.

एवढ्या वर्षांनी ते अंगाशी आलं. प्राथमिक शिक्षिकांच्या यादीत माझं नाव लागलं, पण कागदावरचं वय मर्यादेपेक्षा वर्षभरानं जास्त भरलं. "जन्माचा अस्सल दाखला आणा, महिन्याची मुदत आहे," साहेब म्हणाले. वडील गेलेले, दोघे भाऊ अजून शिकत होते. ही नोकरी हातची गेली असती तर दुसरी समोर नव्हती.

सत्तर साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा. जानेवारी होता. पुण्याहून नागपूरच्या गाडीनं रात्रभर अवघडून मी वर्ध्याला उतरले आणि तिथून एसटीनं हिंगणघाटला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीचा कापूस, काळ्या मातीवर पांढरा. कापसानं भरलेल्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग इतकी लांब होती की एसटी तिच्या मागे मुंगीच्या पावलानं चालली. माझे वडील याच मुलखात, समुद्रपूरच्या पुढच्या एका गावी, कापसाच्या जिनमध्ये (सरकी काढायच्या कारखान्यात) मिस्त्री होते. मी तिथेच जन्मले. जिन बंद पडला आणि वर्षाच्या आत आम्ही साताऱ्याला परतलो.

तहसील कचेरीतले अभिलेखाचे कारकून दमेकरी होते, पण मनाचे मोकळे. आमच्याकडे कुणी ऐकलं नसेल असं एक पुस्तक त्यांनी फडक्यातून सोडलं. कोतवाल बुक. हा मुलूख पूर्वी मध्यप्रांतात. तिथे इंग्रजांनी गावोगावच्या कोतवालाला (पहारेकरी आणि सरकारी निरोप्या) जन्ममृत्यू कळवायला लावलं होतं. साथ कुठे पसरते, माणसं किती, हे त्यांना हवं होतं. इंग्रज गेले, पुस्तक राहिलं.

पानावर बोट फिरवताना मला हसू आलं. तारखा सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, आणि प्रत्येकीपुढे वार सोमवार. "काहो, या गावात पोरं सोमवारीच जन्मतात का?"

"सोमवारी समुद्रपूरचा बाजार, बाई. कोतवाल त्याच दिवशी तिथल्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगत जाये. ठाण्यातला लिहिणारा मुन्शी त्याच दिवसाची तारीख टाके."

म्हणजे गुरुजींचा एक जून आणि मुन्शीचा सोमवार! माझ्या नशिबी खरा वाढदिवस नव्हताच. पण साल बरोबर होतं, आणि पोळ्यानंतरच्या सोमवारी नोंदही होती: 'मुलगी. बाप जिनमधला मिस्त्री, परगावचा.' नावाचा रकाना कोरा.

माझे डोळे भरून आले. कारकूनसाहेब मात्र डोकं खाजवत होते. "ही मुलगी तुम्हीच कशावरून? नाव नाई, आडनाव नाई. ज्यानं नोंद सांगितली तो कोतवाल जिवंत असन तर आणा. त्यानं माझ्यापुढे अंगठा दिला, तर मी नक्कल देतो."

पंचवीस वर्षांपूर्वीचा कोतवाल! मी मनातल्या मनात सगळ्या कचेऱ्यांना शिव्या घातल्या आणि पुढची एसटी पकडली.

फाट्यावर उतरताच चपलेचा अंगठा तुटला. गाव तिथून दोन कोस. चपला हातात घेऊन, तुरीच्या शेतांमधून, ढेकळांवर पाय ठेचत मी चालले. गावाच्या टोकाला, बुद्धविहाराशेजारी, विचारत विचारत तेव्हाच्या कोतवालांचं, सोमाजींचं, घर सापडलं. अंगणात ऐंशीच्या घरातला, काटक म्हातारा दोरी वळत बसला होता. मी माझं काम सांगितलं. पोळ्याचं मुद्दामच बोलले नाही. म्हाताऱ्याला अमकी तारीख सुचवली की तो मान डोलावणार, आणि मला ते नको होतं.

"पायले काय झालं, बाई? आंदी पाणी घे," ते म्हणाले. सुनेनं पाणी दिलं, मग भाकर आणि सोल्यांची भाजी (हिरव्या तुरीच्या दाण्यांची, झणझणीत). नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मी दुसरी भाकर मागितली.

"बाबा, तुम्हाला लिहिता येतं का?"

"नाई वो. लिवता येत असतं तं कोतवाल कायले झालो असतो?" ते हसले. "धोतराच्या सोग्यात गाठ मारो. पोरगं झालं का तुरीचा दाना. पोरगी झाली का सरकी. मयत झाली का कोळसा. ठान्यात जाऊन गाठ सोडो आन् एकेक सांगो."

"माझी आठवते?"

त्यांनी दोरी खाली ठेवली. "पोळ्याचा दुसरा दिवस. पोरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार फिरून राह्यली होती. मी जिनच्या फाटकापाशी उभा. आत जायची सोय नोती मले तवा. तुया बाप बाहीर आला, हात तेलानं काळे, रडून राह्यला होता. मले वाटलं, पोरगी झाली म्हनून रडते. तं म्हने, 'कोतवाल, दोघी बी वाचल्या.'"

 हे वडिलांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

"सोमवारी निघालो तं नाल्याले पूर. मंग वरून फिरून गेलतो, चार कोस जास्त. त्या हप्त्यात एक कोळसा, एक दाना, एक सरकी. सरकी तू."

"एवढ्या पुरात कशाला गेलात, बाबा? पुढच्या सोमवारी सांगितलं असतं."

"आन् गाठ सुटून सरकी पडली असती तं? मिस्त्री परगावचा. त्याची पोरगी इथं झाली, हे कोन सांगतं मंग?"

दुसऱ्या दिवशी सुनेनं आपल्या वहाणा मला दिल्या, आणि सोमाजीबाबा गुडघे दाबत माझ्याबरोबर हिंगणघाटला आले. बंडीत, मग एसटीत, मग कचेरीच्या पायऱ्यांवर, एकदाही कुरकुरले नाहीत. कारकुनांनी जबाब लिहिला आणि अंगठा घेतला. "बाबा, मुलीचं नाव?"

"नाव ते पोरगीच सांगन. बारसं बाराव्या दिवशी असते, मी तं त्याच्या आंदीच ठान्यात गेलतो. मी निस्ती पोरगी सांगतली होती."

मी "विमल" म्हटलं. जबाबात माझं नाव पहिल्यांदाच त्या कोऱ्या रकान्याच्या नोंदीला जोडलं गेलं. मी वाकून सोमाजीबाबांच्या पाया पडले, तर ते संकोचून मागे सरले. "राहू दे वो. आता जाय. मायले सांगजो, मी अजून जित्ता हाओ म्हना."

परतीच्या गाडीत दाखला पिशवीत होता आणि वहाणा पायांत. इंग्रजांनी पुस्तक बांधलं ते माझ्यासाठी नव्हे, हे मला ठाऊक आहे. त्यांना माणसं मोजायची होती. पण ज्याला फाटकाच्या आत घेत नव्हते, तो माणूस त्या पुस्तकासाठी पुराला वळसा घालून आठ-दहा कोस चालला, आणि त्याच्यामुळे मी मोजली गेले. मी त्या माणसाची ऋणी आहे, आणि त्याच्यापायी थोडी त्या पुस्तकाचीही.

नोकरी मिळाली. आईनं सोमाजीबाबांचं नाव ऐकलं आणि देवापुढे साखर ठेवली.

त्या जूनमध्ये शाळेत पहिल्याच दिवशी एक बाई मुलीला घेऊन आली. जन्मतारीख माहीत नव्हती. "टाका की बाई तुमची एक जून," शेजारचे गुरुजी म्हणाले. माझी लेखणी रजिस्टरवर टेकली होती. मी ती उचलली आणि त्या बाईला समोर बसवलं.

"मला सांगा," मी म्हटलं, "ही झाली त्या दिवशी गावात काय चाललं होतं?"